मुलुंड पूर्वेची साडेसात हजार घरं: आपला विरोध नेमका कशाला?

मिठागर रोड

परवा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बैठक झाली. विषय मुलुंडकरांना सांगायला नको. केळकर कॉलेजच्या परिसरातल्या भूखंडावर प्रकल्पबाधितांसाठी, म्हणजे रस्ते-नाल्यांच्या कामांत ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी, प्रत्येकी ३०० चौरस फुटांची ७,४३९ घरं बांधायची पालिकेची योजना. त्यातच सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी मिठागरांची २५५.९ एकर जमीन मंजूर केली. त्यातली ५८.५ एकर मुलुंडची, बाकीची कांजूर-भांडुपची. सह्यांची मोहीम, फलक, मोर्चा, सगळ्यांत मी होतो. पण परवा बैठकीत कोणीतरी म्हणालं, "ती माणसं इथे आली की आपल्या मुलींना संध्याकाळी बाहेर पडायची सोय राहणार नाही." चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा फार त्रास होतोय, म्हणून या फोरमवर हा धागा.

माझे वडील राजापूरकडचे. गिरणीत साचे चालवायचे. आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, १६० फुटांच्या खोलीत आठ माणसं राहायचो. शिवाय गावाहून नोकरीसाठी आलेला एखादा पाहुणा कायम असायचाच. १९८२ च्या संपानंतर वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. थोरल्या भावाला बँकेत नोकरी लागली, कर्ज काढलं आणि १९८७ मध्ये आम्ही इथे वन रूम किचन घेतलं. पलीकडे मिठाचे ढीग दिसायचे. तेव्हा बिल्डिंगमधल्या एका काकूंनी आईला विचारलं होतं, "चाळीतून आलात ना? मग कचरा जिन्यात टाकायचा नाही हं." आई ते शेवटपर्यंत विसरली नाही. म्हणजे 'ती माणसं' एके काळी आम्ही होतो.

योजनेला माझा आजही विरोध आहे. पण तो इमारतींच्या रचनेला आहे, तिथे राहायला येणाऱ्यांना नाही. हे दोन्ही वेगळं ठेवून आपल्याला बोलता येतं का, ते बघायचंय.

नवघरकर

दादा, तुमच्या आईंना जे ऐकावं लागलं त्याचं मलाही वाईट वाटलं. पण विरोध करणारा प्रत्येक जण गरिबांचा द्वेष करतो, असा या धाग्याचा सूर होऊ देऊ नका.

साधा हिशोब मांडतो. घरं साडेसात हजार, घरटी पाच माणसं धरली तर पस्तीस-सदतीस हजार. एवढं अख्खं गाव एका भूखंडावर. सकाळी सव्वाआठला मुलुंड स्टेशनच्या पुलावर उभं राहून बघा. नवघर रोडवर रिक्षा, टेम्पो आणि शाळेच्या बसेस एकमेकांत अडकलेल्या असतात. आमच्याकडे पाणी ठरावीक तासच येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. या पस्तीस हजारांसाठी वाढीव जलवाहिनी कुठून टाकणार, मलनिस्सारणाची वाहिनी किती व्यासाची, पालिकेची शाळा कुठे, दवाखाना कुठे? हे विचारलं की "सुविधा पुरवल्या जातील" एवढंच उत्तर मिळतं. डंपिंग ग्राउंडचा वास आम्ही वर्षानुवर्षं सोसला, ते २०१८ मध्ये कुठे बंद झालं. आता पुन्हा शहराला जे नको असेल ते पूर्व उपनगरांत टाकायचं, असंच चाललेलं आहे.

आणि हे बाधित मुंबईभरचे. ज्याचं घर पश्चिम उपनगरात रस्तारुंदीत गेलं त्याला मुलुंडला कशाला आणता? तिथेच द्या ना घर. यात त्याचंही भलं आहे.

गव्हाणपाडा

नवघरकरांशी शब्दन् शब्द सहमत. आम्ही इथले मूळचे. आमच्या पाड्याच्या हद्दी, आमची घरं अजून कागदावर नीट लागलेली नाहीत, आणि बाहेरच्यांसाठी टॉवरचे नकाशे मात्र तयार आहेत.

मानखुर्द, चौथा मजला

मी इथे नेहमी वाचते, पण लिहीत नाही. आज लिहिते, कारण तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातली मी एक आहे.

आमचं घर रुळांच्या कडेला होतं. लोकल गेली की भांडी हलायची. रेल्वेचे रूळ वाढवायचे म्हणून एमयूटीपीत, म्हणजे मुंबईची वाहतूक सुधारायच्या प्रकल्पात, आमची वस्ती उठवली आणि २००५ मध्ये मानखुर्दला २२५ फुटांची खोली दिली. किल्ली मिळाली त्या रात्री आई बाथरूमचा दिवा लावून दाराशीच बसून राहिली होती. घरात संडास, दाराला कडी, आणि पावसाळ्यात पाणी आत येणार नाही. हे सगळं पहिल्यांदा मिळालं होतं. ते मी नाकारणार नाही, कधीच नाही.

पण मग हळूहळू कळायला लागलं. समोरची इमारत इतकी जवळ आहे की समोरच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आम्ही मोजतो. खिडकी उघडली की मधल्या बोळातली घाण दिसते. वरचे मजले त्यात कचरा टाकतात, कारण खाली घेऊन जायला कचराकुंडीच नव्हती. म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हणून दिवसा ट्यूबलाइट. ट्यूबलाइट म्हणून बिल. माझ्या धाकट्या भावाला बारावीच्या वर्षी टीबी झाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात ऊन येतं का? आई म्हणाली, ऊन बघायचं तर रस्त्यावर जावं लागतं. पहिल्या मजल्यावरच्या दोन घरांतही त्याच सुमारास औषधं चालू होती.

दुसरं म्हणजे काम. आई चार घरची कामं करायची. ती घरं जुन्या वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर होती. मानखुर्दहून जायला दोन गाड्या आणि एक बस. दोन घरं सुटली, दोन तिने धरून ठेवली, पण पगारातला केवढा तरी भाग भाड्यात जायचा.

तिसरं लिफ्ट. सोसायटी स्थापन झाली, अध्यक्ष झाले, पण महिन्याचा मेंटेनन्स देणार कोण? झोपडीत लाइटबिल सोडलं तर काही भरायची सवय नव्हती आणि ऐपतही नव्हती. दर घरामागे म्हणून शासनाने जे पैसे ठेवले होते त्यांचं व्याज पंपाच्या बिलालाही पुरेना. लिफ्ट पहिल्या दोन वर्षांत बंद पडली. आमच्या सातव्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून खाली उतरल्या त्या एकदाच, शेवटच्या.

तुम्ही म्हणता रस्ते कमी, पाणी कमी. बरोबर आहे. पण जी घरं तुम्हाला बघायला नको आहेत, त्यांत राहायचं आम्हाला आहे. विरोध करताना हेही बोला, एवढंच.

डोंबिवली फास्ट नको स्लो

चौथा मजला ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा.

टी-स्क्वेअर

ताईंनी जे सोसलं त्याचा अभ्यासही झालेला आहे. एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाच्या पर्यावरण सुधारणा सोसायटीच्या मदतीने डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने मानखुर्द-गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहती तपासल्या होत्या. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम ३ मीटरवर आहेत तिथे टीबीचं प्रमाण जास्त, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त. तिसऱ्या वसाहतीत इमारतींमध्ये मोकळी जागा आहे, तिथे बरंच कमी. लोक त्याच आर्थिक परिस्थितीतले. फरक इमारतींमधल्या अंतराचा.

मी वास्तुरचनेचं काम करतो, पुनर्वसनाच्या दोन इमारतींच्या नकाशांवर हात फिरवलेला आहे, म्हणून हे असं का होतं ते सांगतो. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं ते ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचं आश्वासन देऊन. त्यातून एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, उभी राहिली. सरकारने पैसे घालायचे नाहीत. बिल्डरने फुकट घरं बांधायची आणि त्याच जमिनीवर वाढीव एफएसआयचे, म्हणजे जमिनीच्या मानाने जास्त बांधकामाच्या परवानगीतून निघणारे, फ्लॅट बाजारात विकून खर्च काढायचा. कागदावर सुंदर. पण मग बिल्डरला विक्रीच्या इमारतीसाठी जितकी जास्त जागा मोकळी हवी, तितकी पुनर्वसनाची इमारत एका कोपऱ्यात दाबली जाते. त्यासाठी मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या. एका हेक्टरवर किती गाळे, म्हणजे घरं, असलेच पाहिजेत याचा किमान आकडा आहे, आधी ५०० होता, आता ६५०. एका घरात किती तास उजेड आलाच पाहिजे याचा मात्र असा सक्तीचा आकडा नाही.

मुलुंडचं प्रकरण एसआरएचं नाही, प्रकल्पबाधितांचं आहे, पण गाडी त्याच रुळावर आहे. जमीन खासगी, बांधणारा खासगी, मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. जितके गाळे जास्त तितका टीडीआर जास्त. मग भूखंडावर साडेसात हजार का, साडेतीन हजार का नाहीत, याचं उत्तर गरजेत शोधू नका.

आणखी एक. दाटी आणि उंची या दोन गोष्टी आपण एकच समजतो. कांदिवलीचं चारकोप ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. १९८५ पासून जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने तिथे, गोराईत आणि मालवणीत आखलेले भूखंड दिले. अगदी छोटे, बरेचसे २५ चौरस मीटरच्या आसपास. रस्ता, नळ आणि ड्रेनेज सरकारने दिलं, घर ज्याचं त्याने जमेल तसं बांधलं. तीस-पस्तीस घरांची सोसायटी, मध्ये सामाईक अंगण. कोणी आधी नुसती खोली बांधली, मुलगा कमावता झाल्यावर वर माळा चढवला. वस्ती दाटच आहे, पण लिफ्ट नाही, पंप नाही, आणि अंगणात ऊन आहे. ज्या सेक्टरमध्ये माझी मावशी राहते तिथे आज कोणाला सांगितलं की ही अल्प उत्पन्न गटाची योजना होती, तर खरं वाटत नाही. तो मार्ग आपण नव्वदच्या दशकात सोडून दिला, कारण त्यात विकायला टॉवर उरत नव्हता.

नवघरकर

टी-स्क्वेअर, चारकोपचं मान्य. पण आज मुंबईत २५ मीटरचे भूखंड वाटायला जमीन आहे का? तेव्हा चारकोप शहराच्या टोकाला होतं.

टी-स्क्वेअर

सगळीकडे नाही, खरंय. पण पाच ते सात मजले, मध्ये पुरेसं अंतर आणि आतल्या बाजूला अंगण, एवढ्यावरही बरीच दाटी बसते. बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या होत्या, आणि त्यांची दाटी काही कमी नव्हती. धागाकर्त्यांना विचारा.

मिठागर रोड

खरं आहे. आमच्या मजल्यावर वीस खोल्या, संडास मजल्याच्या टोकाला, रांग असायचीच. पण दोन चाळींच्या मधल्या जागेत क्रिकेट, गणपती, लग्नाचे मांडव, सगळं व्हायचं. खोली लहान होती, पण पोरं खोलीत नसायचीच. आता वरळीत त्याच चाळींच्या जागी टॉवर झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट, तेही त्याच जागेवर. माझा चुलतभाऊ डिलाईल रोडला आपल्या पाळीची वाट बघतोय. आणि संपातल्या गिरणी कामगारांना काय मिळालं? पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली. आता उरलेल्यांना शेलू-वांगणी दाखवतायत. ज्या जमिनीवर त्यांनी आयुष्य घालवलं तिथून साठ-सत्तर किलोमीटरवर. म्हणजे तोच गरीब, तेच शहर. कोणाला जागेवर ५०० फूट आणि कोणाला कर्जतची गाडी, हे ठरतं कशावर?

नाइंटी फीट, धारावी

चांगलं चाललंय, म्हणून आमचीही बाजू मांडतो. तुमच्या मिठागरांवर ज्यांना आणायचं म्हणतायत त्यातले आम्ही.

आमचं चर्मकाराचं काम. आजोबा सातारा जिल्ह्यातून आले. खाली कारखाना, वर पोटमाळ्यावर आम्ही भाऊ-भाऊ. खालच्या जागेचा कागद काकांच्या नावावर, जुना, म्हणून धारावीतच घर मिळायला पात्र. वरचा माळा अपात्र. म्हणजे एकाच शिडीने चढणारी दोन कुटुंबं. खालचं धारावीत राहणार, वरचं धारावीबाहेर भाड्याच्या घरात जाणार. सर्वेक्षणाला आलेल्या पोरांना मी विचारलं, कातडं कापायचं खाली, शिवायचं वर, मग मी मुलुंडहून रोज येऊन शिवू? त्या पोरांचा काय दोष, त्यांना फक्त नंबर टाकायचा होता.

धारावीत घराची किंमत घराच्या फुटांत नसते, शेजारात असते. गल्लीत कच्चा माल, पुढच्या गल्लीत बकल, त्याच्या पुढे पॉलिश करणारा, आणि शीव स्टेशन चालत. हे सगळं मोडून मला तुमच्याकडे ३०० फूट दिले तर मी घरवाला होईन पण कामवाला राहणार नाही. तुम्हाला आम्ही नको आहोत आणि आम्हाला तिकडे यायचं नाही. मग हे कोणाला हवंय?

खाडीकाठ

दोन विषय एकत्र होऊ नयेत म्हणून लिहितो. प्रकल्पबाधितांच्या घरांचा भूखंड वेगळा आणि मिठागरं वेगळी. पहिल्याबाबत चर्चा होऊ शकते, मजले कमी करा, अंतर वाढवा. मिठागरांबाबत माझ्या मते एकही इमारत नको, श्रीमंतांचीही नको.

मिठागर म्हणजे पडीक जमीन असं फाइलीत लिहिलं जातं. मी भांडुपच्या बाजूने पंधरा वर्षं पक्षी बघायला जातोय. आमचे आगरी लोक पिढ्यान् पिढ्या तिथे भरतीचं पाणी घेऊन वाफे भरायचे, उन्हाने मीठ धरायचं. पावसाळ्यात तेच वाफे वरून येणारं पाणी धरून ठेवतात आणि ओहोटीला खाडीत सोडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शहराला पाणी ठेवायला जागा नव्हती. उरलेल्या जागांपैकी ही एक. इथे भराव टाकला की पाणी कुठे जाणार? आधी त्या नव्या इमारतींच्या तळमजल्यांत, मग मिठागर रोडवर. शेजारची ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, आहे. खाडीला आंतरराष्ट्रीय दर्जा द्यायचा आणि तिच्या काठाला सिमेंटचा बांध घालायचा, हे कसं?

आणि सर्वांत गरीब माणसाला सर्वांत सखल जमीन द्यायची, ही या शहराची जुनी खोड. माहुल आठवा. तानसा जलवाहिनीजवळच्या लोकांना रिफायनरीच्या शेजारी नेऊन ठेवलं, लोक आजारी पडले. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे जायची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर द्या नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या. घरं बांधून तयार होती. राहायला कोणी धजत नव्हतं.

तांबडा मंगळवार (सिंगापूर)

बाहेरून बोलतोय, चुकलं तर सांगा. इथे मी बारा वर्षं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरात राहतो. इथल्या कायमच्या रहिवाशांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त माणसं याच घरांत राहतात. इमारती उंच, दाटीही बरीच. पण तळमजला मोकळा सोडलेला असतो, तिथे म्हातारी माणसं बसतात, लग्नं लागतात. लिफ्ट, पंप, सफाई हे टाउन कौन्सिल बघतं, आणि लहान घराला महिन्याची आकारणी मोठ्या घरापेक्षा बरीच कमी. जमीन सरकारची आहे, हा मोठा फरक, मान्य. पण 'गरीब माणूस टॉवर सांभाळू शकत नाही' यापेक्षा 'टॉवर सांभाळायचं काम गरीब माणसाच्या एकट्याच्या गळ्यात टाकू नये' हे मला जास्त बरोबर वाटतं. चौथा मजला ताईंच्या आजींची लिफ्ट पालिकेच्या देखभालीत असती तर चालू राहिली असती.

नवघरकर

रात्री सगळं पुन्हा वाचलं. माझा आकड्यांचा मुद्दा मी सोडणार नाही. साडेसात हजार घरं या भूखंडाला आणि या रस्त्यांना झेपणारी नाहीत. पण मी आतापर्यंत सगळ्या पत्रांत "परिसराचं स्वरूप बदलेल" असं लिहीत आलो. ते वाक्य आता मला काढायचंय. ते वाक्य वाचून चौथा मजला ताईंना काय वाटेल, हा विचार मी केला नव्हता. ताई, माफ करा.

मुलींच्या सुरक्षिततेचं जे बैठकीत बोललं गेलं ते मीही ऐकलं होतं, मीही गप्प होतो.

मिठागर रोड

नवघरकर, यासाठीच धागा काढला होता.

हरकतीच्या पत्राचा मसुदा मी असा करतोय. मिठागरांवर बांधकामाला पूर्ण विरोध, खाडीकाठ यांनी दिलेल्या कारणांसह. प्रकल्पबाधितांच्या घरांबाबत: गाळ्यांची संख्या रस्ता, पाणी आणि मलनिस्सारणाच्या क्षमतेचा अहवाल जाहीर करून मग ठरवा. दोन इमारतींमध्ये इतकं अंतर ठेवा की सर्वांत खालच्या घरातही ऊन पोचेल, आणि त्याचा अभ्यास नकाशाला जोडा. बाधितांना शक्यतो त्यांच्याच वॉर्डात घर द्या. मुलुंडच्या रस्त्यांत आणि नाल्यांत ज्यांची घरं गेली त्यांना मात्र मुलुंडमध्येच द्या, त्याला आमची हरकत नाही, उलट मागणी आहे. लिफ्ट आणि पंपाची देखभाल पहिली किमान दहा वर्षं पालिकेकडे. शाळा आणि दवाखाना इमारतींच्या आधी, नंतर नाही.

नाइंटी फीट यांचा माळ्याचा मुद्दा वेगळ्या पत्रात घ्यावा म्हणतो. एका शिडीवरची दोन कुटुंबं तोडू नयेत, हे मुलुंडकरांनी लिहून दिलं तर त्याला जास्त वजन येईल.

गव्हाणपाडा

सही माझी धरा. पाड्याच्या सीमांकनाची एक ओळ घाला, विनंती आहे.

मिठागर रोड

घालतो. रविवारी सकाळी दहाला संभाजी मैदानाच्या दाराशी छापील प्रती घेऊन उभा असेन. चौथा मजला ताई, मसुदा तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला. काही राहिलं असेल तर तुम्हालाच कळेल.

मानखुर्द, चौथा मजला

वाचला. दोन गोष्टी वाढवा. एक, प्रत्येक मजल्यावरून कचरा कसा खाली जाणार ते नकाशात दाखवायला सांगा. आमच्याकडे ते कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून बोळ भरला. दुसरं, गच्ची. आमच्या गच्चीला पहिल्या वर्षापासून कुलूप आहे, किल्ली कोणाकडे ते कोणाला माहीत नाही. ओले कपडे, लोणची-पापड, अभ्यासाची पोरं, सगळं त्या २२५ फुटांत. गच्ची उघडी राहील आणि कठडा छातीइतका उंच असेल, असं लिहा. भाऊ आता बरा आहे. रविवारी त्याला घेऊन येते, सह्या गोळा करायला एक माणूस वाढेल.